मोहोरातले शहाणे उंदीर

"मेल्या सदा, माझ्या सुरमयच्या बर्फात उंदरांची टाळकी ठेवलंस? आता माझो मासो कोण खातलो रे?"

बाबल शेठ ओरडत होते. बाबल शेठ ओरडले की मालवण बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या होड्या आपण होऊन दोन हात मागे सरकत आणि भरतीसुद्धा जरा विचार करून मग आत येई. त्यांच्या हातात लोणच्याची बरणी होती. आत लोणचं नव्हतं, पाच उंदरांचे मेंदू होते, प्रत्येक ओल्या काजूगराएवढा. बर्फाचा कारखाना त्यांचा, सुरमय त्यांची, बरणी तेवढी माझी. मी अगदी नम्रपणे सांगितलं की शेठ, झाकण घट्ट आहे, आणि हे काही साधे उंदीर नव्हेत, पीएच.डी.चे आहेत. त्यावर त्यांनी माझ्या पीएच.डी.चं काय करावं ते सांगितलं. ते लिहिण्यासारखं नाही. पण बरणी काही त्यांनी फेकली नाही. ती उजेडात धरली, एक डोळा मिटून आत बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "ह्येच्यात तुमच्या कॉलेजच्या बाई नेमका काय शोधतत रे?"

हे सगळं परवा आठवलं ते तळेऱ्याला. एका लग्नासाठी देवगडला निघालो होतो, तिठ्यावर गाडी बदलली आणि खिडकीशी बसलो. पुढचं वळण घेतल्यावर वाऱ्याबरोबर मोहोर आत आला. मोहोराचा वास गोड असतो असं ज्यांनी लिहिलंय त्यांनी तो लांबून घेतला असणार. जवळून तो घशात बसतो, डोळ्यांत उतरतो, आणि फवारणीचे दिवस असले की त्याच्या मागून एक कडवट, नाकाचं हाड धरणारा वास येतो. माझ्या शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मी मात्र खिडकी आणखी उघडली. चाळीसेक वर्षांपूर्वी या दोन वासांनी मिळून मला एका जगप्रसिद्ध शोधाचा भागीदार केलं होतं. पुरे आठ दिवस.

माझ्या सांगण्यात रुपयाला चार आणे भर असते हे सगळ्या मालवणला ठाऊक आहे. वाचणाऱ्याने ती वजा करून वाचावं. उरलेले बारा आणे मात्र शपथेवर खरे.

मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. बेडूक धरणं, नळ्या धुणं, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांना झुरळाचं आतडं कुठे संपतं ते डोळ्यांनी खुणावणं, ही माझी अधिकृत कामं. आमच्या फर्नांडिस बाई तिथे शिकवायच्या. धुरीवाड्यात घर, आईचं माहेर गोव्याचं, नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या, दोदोल असं गोडधोड यायचं. बाजारात मासळी घासाघीस करून घेताना अस्सल मालवणी बोलायच्या, पण प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडला की शुद्ध मराठी. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "मालवणीत मला थोडं वाढवून बोलायची सवय आहे, सदानंद. इथे वाढवून चालत नाही." हा टोला होता, पण मी तो वाऱ्यावर सोडला.

बाई उंदराच्या मेंदूचा नकाशा काढत होत्या. सगळ्या मेंदूचा नव्हे. मेंदूच्या अगदी तळाशी तांदळाच्या दाण्याएवढी एक जागा असते, हायपोथॅलॅमस. भूक, तहान, ताप, राग, पिल्लं कधी घालायची, सगळ्याचे ठराव तिथे मंजूर होतात. मी लोकांना सांगायचो, ही उंदराची ग्रामपंचायत. आणि त्या पंचायतीत बाई शोधत होत्या एक एन्झाइम: ॲसिटिलकोलिनएस्टरेज. हे नाव पाठ करायला मला आठ दिवस लागले आणि पुढे आठ महिने मी ते न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना फुकट वाटलं.

त्याचं काम बाईंनी मला फळ्यापाशी उभं करून समजावलं होतं. एक पेशी दुसऱ्या पेशीला निरोप देते म्हणजे फळ्यावर एक ओळ लिहिते. ओळ वाचून झाली की पुसायला हवी. हे एन्झाइम म्हणजे डस्टर. डस्टर नसेल तर ओळीवर ओळ, तिच्यावर ओळ, शेवटी सगळा फळा पांढरा आणि वाचता काहीच येत नाही. मग डस्टर कुठल्या वर्गात किती, हे कळलं तर कुठल्या वर्गात किती बोलणं चालतं तेही कळेल. मला हे इतकं पटलं की त्यानंतर कितीतरी दिवस मी माणसाकडे बघताना याच्या डोक्यात डस्टर कुठे कमी पडतोय, तेच बघत असे.

काम असं चाले. मेंदू गोठवायचा, त्याच्या केसाहून पातळ चकत्या कापायच्या, एका द्रावणात बुडवायच्या आणि वाट बघायची. गोठवायला लागणारा वायू बाबल शेठच्या सोडावॉटरच्या नळकांड्यातून यायचा, त्यामुळे त्या वर्षी मालवणच्या सोड्याला बुडबुडे कमी होते. तासाभरात चकतीवर, जिथे एन्झाइम असेल तिथेच, तपकिरी रंग चढू लागे. आधी काही नाही, मग चहाचा डाग पडल्यासारखं, मग दाट. दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर दोन बाजूंना दोन गडद ठिपके. मधल्या फटीच्या कडेने फिकट पट्टा. खाली, शेपटाच्या अंगाला, पुन्हा दाट. बाई सूक्ष्मदर्शकावर आरसा लावून ते कागदावर उतरवायच्या, आणि मी त्या ठिपक्यांना मनातल्या मनात मालवणातल्या वाड्यांची नावं दिली होती: ही दांडी, हा मेढा, ही वायरी, हा भरड. संध्याकाळी समुद्रातून गावाकडे बघावं आणि कुठल्या वाडीत दिवे लागलेत ते मोजावं, तसं ते बघणं होतं. एवढीशी चकती, पण तिच्याकडे बघताना मी गप्प असायचो. त्याला बाई साक्षीदार आहेत.

पावसाळ्याचा नकाशा झाला होता, उन्हाळ्याचा झाला होता. राहिला होता हिवाळ्याचा. विद्यापीठातल्या मार्गदर्शक सरांची अट होती की तिन्ही ऋतूंतले उंदीर एकाच जातीचे, एकाच जागचे हवेत. आणि पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत मार्चअखेर संपत होती. ती एकदा वाढवून झाली होती, पुन्हा वाढणार नव्हती. सात वर्षं बाई दिवसा शिकवून संध्याकाळी चकत्या कापत होत्या. हिवाळ्याचा कागद कोरा राहिला असता तर ती सात वर्षं कपाटात जाणार होती.

उंदीर यायचे तात्याकडून. कुणकेश्वरच्या अलीकडे, समुद्र दिसेल इतक्या उंचावर आंब्याच्या कलमांची एक बाग होती, तात्या तिथला राखणदार. बागेतल्या मांगरात, म्हणजे एका खोपटात, राहायचा, सुक्या बांगड्याचा तुकडा लावून पिंजरे मांडायचा आणि भरलेले पिंजरे एसटीच्या कंडक्टरच्या ताब्यात द्यायचा. त्याचे उंदीर असे दांडगे की एकदा कंडक्टरने त्यातल्या दोघांना अर्धं तिकीट फाडलं. मे महिन्यात बाई स्वतः बागेत गेल्या होत्या, तेव्हा मनगट खाजवत हसून म्हणाल्या होत्या, तात्या, तुमच्या उंदरांबरोबर पिसवाही आल्या बरं का. तात्या हसला नव्हता. मी ते तेव्हाच विसरलो.

नाताळ झाला, नेवऱ्या संपल्या, कलमं मोहोरली आणि हिवाळ्याचा पहिला पिंजरा आला.

उंदीर बघून मी थक्क झालो. एरवी पिंजऱ्याला हात लावला की आत दंगल माजायची. हे मात्र कोपऱ्यात एकमेकांना टेकून बसलेले, अंगाला बारीक थरथर, तोंडाला लाळ. मी बाईंना म्हटलं, तात्याचे उंदीर शाळेत जाऊन आलेत, आणि वाटेत कुणीतरी त्यांना सोलकढीचा वास दिलाय. बाईंनी वहीत लिहिलं, 'शांत. लाळ.' बस, दोन शब्द. मी असतो तर त्यावर कीर्तन केलं असतं.

चकत्या कापल्या, द्रावणात टाकल्या. एक तास झाला, दोन तास, चार. काही नाही. दांडी अंधारात, मेढा अंधारात, वायरी, भरड, सगळं गाव अंधारात. धुतलेल्या काचेसारखी चकती. बाईंनी औषधं नवी बनवली. पुन्हा कोरी. मग त्यांनी मला कॉलेजच्या भांडारात गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका खाणारा एक उंदीर पकडायला लावला. तो इतका खवळलेला होता की त्याने माझ्या चपलेशी बरोबरीची लढत दिली. त्याच्या मेंदूला मात्र त्याच द्रावणात, त्याच तासाभरात, झकास तपकिरी रंग चढला.

म्हणजे औषधं ठीक होती. हिवाळाही निर्दोष होता, कारण भांडारातल्या उंदरालाही तोच हिवाळा होता. फरक एकच: तात्याचे उंदीर मोहोराखाली राहत होते.

आता सांगा, माझ्यासारख्या माणसाने काय करायचं? संध्याकाळपर्यंत मी बाजारात जाहीर करून टाकलं की आंब्याच्या मोहोराच्या वासाने डोक्यातलं एन्झाइम नाहीसं होतं. दुसऱ्या दिवशी त्यात भर पडली: म्हणूनच मोहोराच्या दिवसांत देवगडची माणसं जमिनीचे सौदे करत नाहीत. तिसऱ्या दिवशी शिंप्याने मला सांगितलं, आणि गोष्ट माझी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, की परदेशातून एक गोरा शास्त्रज्ञ मोहोर हुंगायला निघालाय. बाबल शेठ स्वतः प्रयोगशाळेत आले. ज्या बरणीवरून त्यांनी बंदर हलवलं होतं, तिच्यातल्या मेंदूंच्या कोऱ्या चकत्या त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, डोकं खाजवलं आणि म्हणाले, आमची आजी सांगी, मोहोराखाली निजा नये, तेचा कारण ह्या.

मजेची गोष्ट अशी की मी स्वतः ते खरं मानू लागलो होतो. सांगता सांगता माणूस आपलाच श्रोता होतो. मोहोराखालून जाताना मी श्वास रोखून धरायचो. आणि बाई? बाईंना ते खरं व्हावंसं वाटत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. त्यांनी कळवल्यावर सरांचं उत्तर आलं होतं: असं कुणी पाहिलेलं नाही, चकत्या घेऊन लगेच या, खरं असेल तर प्रबंधाचं नावच बदलू. ते पत्र त्यांनी घडी घालून पुन्हा उघडलेलं मी किती वेळा पाहिलं. एका कागदावर त्यांनी एक वाक्य लिहिलं होतं, 'हिवाळ्यात हे एन्झाइम आढळत नाही', आणि त्या वाक्यावर पेन टेकवून त्या बसून राहायच्या. त्या वाक्याने सात वर्षांचं सोनं झालं असतं. चुकलं असतं तर जन्मभर हसू.

शुक्रवारी त्यांनी पेन बंद केलं. "सदानंद, मला दिसलं नाही एवढंच मला माहीत आहे. त्याचं 'नाही' मी कसं करू?" मग म्हणाल्या, उद्या बागेत जाऊ. हे उंदीर काय खातात, कुठे झोपतात, सगळं बघू. रविवारी सरांकडे जायची गाडी होती. मध्ये एकच दिवस.

तर आम्ही निघालो. एक एसटी बदलली, उरलेली चढण पायी. बाईंच्या पिशवीत कोऱ्या चकत्यांची पेटी होती, ती त्यांनी मला धरूही दिली नाही. आजही मला ती चढण आठवते ती प्रश्नांनी. बाई दर चार पावलांवर थांबत. हे गवत पावसाळ्यात होतं का? ही मुंग्यांची वारुळं नवी आहेत का? मोहोर गळून पडतो तो उंदीर खातात का? एक तुरा तोडून त्यांनी जिभेवर ठेवला. मी घाबरून मागे सरलो. आपल्या डोळ्यांसमोर बाईंचं एन्झाइम जाईल या भीतीने. खालून समुद्राचा आवाज येत होता, वर मधमाश्यांचा, आणि दोहोंच्या मध्ये तो कडवट वास. बाई म्हणाल्या, "हा वास मोहोराचा नाही." मी म्हटलं, फवारणीचा, तुडतुडे पडतात ना मोहोरावर. बाई चालता चालता थबकल्या. आणि तेवढ्यात आम्हाला तात्या दिसला.

तो आमच्याकडे पाठ करून मांगराच्या बाजूला उभा होता. समोर फवारणीचं पिंप, तळाशी उरलेलं दुधासारखं पाणी. तात्याने उंदरांनी भरलेला पिंजरा दोरीला बांधला, हात जोडले, आणि भाद्रपदात गणपती पाण्यात बुडवतात तसा तो पिंजरा तीनदा बुडवून वर काढला. सावकाश, अदबीने, उंदरांची नाकं वर राहतील इतक्या बेताने. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा आतली दंगल थांबली होती.

तुडतुडे मारायचं ते औषध तुडतुड्याला मारतं कसं, हे बाईंनी मला परतीच्या एसटीत सांगितलं. ते त्याचा डस्टर दाबून धरतं. तेच एन्झाइम. आपण उंदराच्या डोक्यात जे शोधत होतो, तात्या नेमकं तेच तीनदा बुडवून झाकून पाठवत होता.

पण हे एसटीत. तिथे उभं राहिल्यावर मला एवढंच कळलं की शोध मेला, आणि मी तोंड सोडलं. तात्याची पिढी, त्याची बाग, त्याचं पिंप, सगळ्यांचा उद्धार केला. सात वर्षं, म्हटलं, बाईंची सात वर्षं तू दोरीला बांधून बुडवलीस. मधमाश्या क्षणभर थांबल्या, ही भर नव्हे. पिंजऱ्यातून पांढरं पाणी तात्याच्या उघड्या पायांवर ठिबकत होतं. माझं संपल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, "मे म्हयन्यात बाईंका पिसू चावली होती मा. म्हणान बुडयतंय."

बाई तात्याच्या हातांकडे बघत होत्या. कोपरापर्यंत पांढरे, पिंपातलं पाणी त्याने हातानेच ढवळलेलं. मोहोराच्या दिवसांत चक्कर येते का, असं त्यांनी विचारलं. येते थोडी, म्हणाला, सगळ्यांनाच येते. मी एवढा मोठा नकाशे वाचणारा, पण तेच एन्झाइम तात्याच्याही डोक्यात असणार, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात बाईंनी माझ्याबरोबर रबरी हातमोजे पाठवले. तात्याने ते वानरांना घाबरवायला फांदीवर टांगले. मी पुन्हा गेलो, पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठे त्याने एक हातात घातला आणि दुसरा फांदीवर ठेवला.

रविवारची गाडी बाईंनी सोडून दिली. न बुडवलेले उंदीर आले. शिव्याशाप देत, पिंजरा हलवत आले, आणि मी त्यांना घरच्यासारखं वागवलं. तासाभरात दांडीत दिवा लागला, मग मेढ्यात, मग सगळीकडे. हिवाळ्याचा नकाशा इतर दोन नकाशांसारखाच निघाला, जवळजवळ ठिपक्याला ठिपका. जगाने दखल घ्यावी असं त्यात काही नव्हतं. मार्च संपायच्या आत प्रबंध गेला आणि बाई डॉक्टर झाल्या. बाजारात मोहोराची गोष्ट मात्र अजून चालते. परवा लग्नातच एका पोराने मला ती सांगितली, गोऱ्या शास्त्रज्ञासकट. मी मन लावून ऐकली. दुरुस्त करावी असं मनात आलं होतं. नाही केली.

एक कोरी चकती बाईंनी ठेवून दिली आहे. त्यांच्या घरी गेलो की कधी कधी ती खिडकीशी धरून बघतो. काही दिसत नाही, तरी मी बराच वेळ बघत राहतो.

आणि मग नेहमी बागेतली ती सकाळ येते. मी ओरडून दमलेलो, तात्याने पिंजरा दगडावर ठेवलेला. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. तो बाईंकडे वळला आणि अगदी काळजीने विचारलं, "बाईनू, पण ह्या खेपेक पिसू चावली काय?"

बाईंनी चकत्यांची पेटी पिशवीत खाली सारली. कामाच्या वेळी कधी मालवणी न बोलणाऱ्या बाई म्हणाल्या,

"नाय, तात्यानू. एक पण नाय."